यादीतला नंबर

संपावर लिहायला बसले की लेखकाला दोनच खुर्च्या मिळतात. एक मालकाची, एक कामगाराची. मालकाच्या खुर्चीत बसणारा तोट्याचे आकडे सांगतो, कामगाराच्या खुर्चीत बसणारा महागाईचे. दोघांचेही खरे असते आणि दोघांचेही अर्धे असते. मला आज तिसऱ्याच एका माणसाविषयी लिहायचे आहे. हा संपवाल्यांच्या संघटनेत नाही. मालकाच्या दिवाणखान्यातही त्याला कोणी बोलावलेले नाही. आणि तरीही संप पुकारला त्या रात्री याला झोप लागत नाही, कारण सकाळी कामावर जायचे की नाही हे त्याला एकट्याला ठरवायचे असते. संघटनेच्या सभासदाचे एक बरे असते. मतदान होते, ठराव होतो, पुढारी सांगतात आणि सभासद चालू लागतो. बाहेरच्या माणसाच्या वतीने ठराव करणारे कोणी नसते.

असा माणूस गिरणीत असतो, बँकेत असतो, शाळेतही असतो. पण त्याची कोंडी पुरती पाहायची असेल तर ती विमान कंपनीत पाहावी, आणि तीही अमेरिकेतल्या.

कोणी म्हणेल, वैमानिकाची कसली आली आहे कोंडी? लठ्ठ पगार, बाहीवर सोनेरी पट्टे; एक कंपनी आवडली नाही तर दुसरी धरावी! इथेच सगळी मेख आहे. डॉक्टरने एक इस्पितळ सोडून दुसरे धरले तर त्याचा अनुभव त्याच्याबरोबर जातो, त्याचे रोगीही जातात. वैमानिकाचे तसे नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत वैमानिक नोकरीला लागला की लागल्या तारखेवरून त्याला एक नंबर मिळतो, सीनिऑरिटीच्या यादीतला. पुढचे सारे आयुष्य त्या नंबरावर चालते. विमान लहान की मोठे, बसायचे उजव्या खुर्चीत की कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत, मुक्काम कोणत्या शहरी, फेरी रात्रीची की दिवसाची, नाताळ बायकोमुलांत की कुठल्याशा परक्या गावच्या हॉटेलात, हे सगळे नंबर सांगतो. कंपनीवर वाईट दिवस आले तर घरी कोणी बसायचे, तेही नंबरच सांगतो. कपात यादीच्या तळापासून वर चढत जाते. आणि हा नंबर कंपनीच्या दाराबाहेर नेता येत नाही. वीस वर्षे जंबो चालवलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, तर तिथे गेल्या महिन्यात लागलेल्या पोराच्या खाली त्याचे नाव लागते. गिरगावातली जुन्या भाड्याची खोली जशी माणसाला सुटता सुटत नाही, तशी वैमानिकाला ही यादी. कोणत्याही संपात मोडते ते आधी पगाराचे पाकीट. वैमानिकांच्या संपात त्याहून मोठी भीती असते ती यादीची, की हा सगळा गोंधळ निवळल्यावर माझ्या वर कोण असेल आणि खाली कोण!

कायद्याचेही थोडे सांगायला हवे. अमेरिकेत विमानातल्या नोकरांना कायदा लागू आहे तो रेल्वेचा. १९२६ साली रेल्वेसाठी केलेला कामगार कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांनाही लावला, आणि तो आजही तसाच आहे. या कायद्याने एका धंद्यातल्या सगळ्या नोकरांच्या वतीने एकच संघटना बोलते, मग तुम्ही तिचे सभासद असा वा नसा. तिने केलेला करार तुम्हाला बांधतो, तिने मिळवलेली पगारवाढ तुमच्याही खिशात पडते. १९४४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. रेल्वे इंजिनावर काम करणाऱ्या फायरमनांची संघटना गोऱ्यांची. काळ्या फायरमनांना ती सभासद करून घेत नसे, आणि करार मात्र असे करी की त्यांच्याच नोकऱ्या जाव्यात. न्यायालयाने सांगितले, ज्यांना तुम्ही दारात उभे करत नाही त्यांचीही वकिली तुम्हाला प्रामाणिकपणे करावी लागेल. पुढे १९५१ च्या दुरुस्तीने उलट बाजूही पक्की झाली. कंपनीशी तसा करार झाला असेल तर बाहेरच्यालाही संघटनेला पैसे मोजावे लागतात. म्हणजे बाहेरचा माणूस पैसे देतो, फायदे घेतो आणि संपाचे मतदान होते तेव्हा त्याचा हात मोजला जात नाही. अशा माणसाला फुकट्या म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कोणी तत्त्वाने बाहेर असतो, कोणी कंपनीत प्रशिक्षक किंवा अधिकारी झाल्यामुळे, आणि कोणी निव्वळ कालच आल्यामुळे.

या कालच आलेल्यांची एक हकीगत आहे, आणि संपाच्या इतिहासात तिच्यासारखी दुसरी मला ठाऊक नाही.

१९८५ साली युनायटेड एअरलाइन्स ही अमेरिकेतली सर्वांत मोठी विमान कंपनी. वैमानिक सुमारे पाच हजार, आणि त्यांची संघटना एअर लाइन पायलट्स असोसिएशन, १९३१ पासूनची. दोन वर्षांपूर्वी अमेरिकन एअरलाइन्सने एक युक्ती काढली होती. जुन्या नोकरांचे पगार तसेच ठेवायचे आणि नव्याने लागणाऱ्यांसाठी पगाराचा दुसरा, बराच खालचा तक्ता लावायचा. जुने ओरडत नाहीत, कारण त्यांचे काही गेलेले नसते. नवे ओरडत नाहीत, कारण ते अजून आलेलेच नसतात. युनायटेडचे प्रमुख रिचर्ड फेरिस यांनाही तोच तक्ता हवा होता. नव्यांनी किती वर्षे खालच्या तक्त्यावर राहायचे, यावर बोलणी फिसकटली आणि १७ मे १९८५ ला संप सुरू झाला.

पाच हजार माणसांनी पगार सोडला तो अजून न आलेल्यांच्या पगारासाठी. हे निव्वळ औदार्य होते असे मी म्हणणार नाही. शेजारच्या खुर्चीत स्वस्त माणूस बसला की महाग माणसाची झोप उडते, हे कोणालाही कळते. पण कारण काहीही असो, लढाई नव्यांची होती.

आणि हे नवे कुठे होते? ते डेन्व्हरला होते, कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात तयार झालेले, सुमारे ५७० जण. संपाची चाहूल लागल्यावर कंपनीने त्यांना शिकवून सज्ज ठेवले होते. पण यादीत त्यांना अजून नंबर नव्हता, आणि संघटनेचे ते पुरते सभासदही झाले नव्हते. त्यांना कंपनीने स्वच्छ सांगितले की संपाच्या दिवशी कामावर या, नाहीतर युनायटेडची नोकरी विसरा.

आता त्या पोराच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. लहानपणापासून आकाशाकडे पाहत वाढलेला. कोणी हवाई दलात नोकरी करून तास जमवले, कोणी कर्ज काढून. पाच-दहा वर्षे लहानसहान कंपन्यांची खटारा विमाने उडवून शेवटी सर्वांत मोठ्या कंपनीचे दार उघडलेले. संघटनेने त्याला अजून एक दिडकीही मिळवून दिलेली नाही. त्याने तिला कसले वचन दिलेले नाही. आत गेला तर नोकरी आज, आणि बाहेर राहिला तर कदाचित कधीच नाही. त्याच्या आईबापांनी काय सल्ला दिला असेल ते सांगायला अमेरिकेला जायला नको.

त्या ५७० पैकी आत गेले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे दारात फलक घेऊन उभ्या असलेल्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत बदलीवाले हजारोंनी होते. बदलीवाल्याला रोज पहाटे फाटकावर जाऊन उभे राहावे लागे. कोणी कायमचा कामगार आला नाही तरच त्याला त्या दिवशी साचा मिळायचा. वर्षानुवर्षे हे चाले. त्याला गमावण्यासारखे काय होते? उद्याची एक हजेरी. आणि मिळण्यासारखे काय होते? संपात सगळे बाहेर असताना तोच आत गेला असता तर कदाचित कायमची नोकरी. बदल्यांना कायम करा, ही संपातली एक मागणी होती हे खरे. पण मागणी पदरात पडेपर्यंत चूल कशावर पेटवायची? तरी फार मोठ्या संख्येने ते बाहेरच राहिले. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. गिरण्या मात्र गेल्या. ज्यांचा काळाचौकीत, परळला वावर आहे त्यांना हे सांगायला नको.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी आत जाणाऱ्याला दगड मारायला निघालो आहे. तसे नाही. आत जाणाऱ्याचीही बाजू आहे आणि ती समजायला युनायटेडच्या आधी दोन वर्षे मागे जायला हवे.

१९८३ च्या सप्टेंबरात कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचे मालक फ्रँक लोरेन्झो यांनी कंपनीच्या दिवाळखोरीचा अर्ज केला, करार झुगारले आणि तीन दिवसांत निम्म्याहून कमी माणसांवर विमाने पुन्हा उडवली. तिकीट ४९ डॉलर. कॅप्टनचा पगार वर्षाला ४३,००० डॉलर, म्हणजे आधीच्या सुमारे निम्मा. १ ऑक्टोबरला वैमानिक संपावर गेले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेकॅनिकांचा संप सुरू झाला होता, तेव्हा हेच वैमानिक मेकॅनिकांच्या रांगेतून वाट काढत विमानात जाऊन बसले होते! ऑक्टोबरात त्यांनीच दुसऱ्यांना म्हणायचे, माझी रांग ओलांडू नका. ऐकणाऱ्याने का ऐकावे? शिवाय दिवाळखोर कंपनीशी संप म्हणजे बुडत्या होडीत वल्ह्यांवरून भांडण, असे प्रामाणिकपणे मानणारेही होते. कोणाचे घराचे हप्ते, कोणाच्या घरी आजारपण. यांतले काही पहिल्या आठवड्यात आत गेले, काही सहा महिन्यांनी, काही वर्षाने. मला नेहमी वाटते, वर्षभर उपाशी राहून मग आत गेलेल्याला पहिल्या दिवशी आत गेलेल्याच्याच नावाने हाक मारणे हा अन्याय आहे. पण तिथल्या वैमानिकांत दोघांना शब्द एकच आहे, आणि तो आपल्या संपफोड्यापेक्षा बराच घाणेरडा आहे.

तो संप दोन वर्षे चालला. ३१ ऑक्टोबर १९८५ ला तडजोड झाली तीत पुन्हा नंबरच. कॅप्टनच्या रिकाम्या जागांपैकी पहिल्या शंभर कामावर असलेल्यांना, पुढच्या सत्तर संपवाल्यांना, मग एकाआड एक. दोन वर्षे बाहेर राहिलेल्यांना वाटले की संघटनेने आपल्याला विकले. ते संघटनेवरच खटला घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये हरले. तडजोड मागाहून वाईट ठरली म्हणून ती अप्रामाणिक ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. कायद्याला धरून असेल. पण संघटनेच्या शब्दावर दोन वर्षे थंडीत उभ्या राहिलेल्या माणसाला ते कसे पटावे?

त्याआधीच, २८ फेब्रुवारी १९८९ ला, याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. टीडब्ल्यूए कंपनीतल्या विमानसेविकांचा १९८६ मधला ७२ दिवसांचा संप फसला. मध्येच आत गेलेल्या कनिष्ठ बायकांना चांगल्या जागा मिळाल्या. संप संपल्यावर ज्येष्ठ परत आल्या आणि म्हणाल्या, आमची जागा आम्हाला द्या. न्यायालयाने सहाविरुद्ध तीन मतांनी सांगितले, कंपनीने त्या कनिष्ठांना उठवायची गरज नाही. म्हणजे यादीत नाव वर असले तरी खुर्ची गेली ती गेली. यापुढच्या प्रत्येक संपात बाहेर उभ्या असलेल्याच्या कानात हा निकाल कुजबुजणार होता की, जो आधी आत जाईल त्याचे भले होईल.

आणि चारच दिवसांनी, ४ मार्चला, ईस्टर्न एअरलाइन्समध्ये मेकॅनिकांचा संप सुरू झाला. मालक तेच लोरेन्झो. या खेपेला वैमानिक मेकॅनिकांबरोबर बाहेर पडले. कॉन्टिनेंटलचा धडा कोणीतरी शिकले होते म्हणायचे. काही दिवसांतच कंपनीने दिवाळखोरी पुकारली. महिने लोटले तसे एक एक करून वैमानिक आत जाऊ लागले, आणि नोव्हेंबरात वैमानिकांनी संप मागे घेतला. जानेवारी १९९१ मध्ये कंपनीच बंद पडली. आत गेलेल्यांनी नंबर वाचवण्यासाठी मित्र गमावले होते, बाहेर राहिलेल्यांनी मित्रांसाठी नंबर. आता दोघेही दुसऱ्या कंपन्यांच्या दारात अर्ज घेऊन उभे, यादीच्या तळाशी.

न्यायालय जिथे पोचत नाही तिथे वैमानिकांचा आपसातला कायदा चालतो. कॉकपिटमध्ये एक जादा घडीची खुर्ची असते, तिला जंपसीट म्हणतात. अमेरिकेत पुष्कळ वैमानिक राहतात एका शहरात आणि त्यांचे विमान सुटते दुसऱ्या शहरातून. आपल्याकडे डोंबिवलीचा माणूस लोकलने फोर्टात जातो तसे ते दुसऱ्याच्या विमानातून या खुर्चीवर बसून फुकट कामावर जातात. फक्त कॅप्टनला विचारावे लागते. कॅप्टनला नाही म्हणायचा अधिकार आहे, आणि कारण द्यायची सक्ती नाही. संप मोडणाऱ्यांच्या नावांच्या याद्या वैमानिकांच्या बॅगांतून वर्षानुवर्षे फिरल्या. संप झाला तेव्हा शाळेतही न गेलेला कॅप्टन यादीत नाव पाहतो आणि दाढी पिकलेल्या माणसाला म्हणतो, माफ करा, जागा नाही. खुर्ची समोर रिकामी दिसत असते. पगार, बढती, निवृत्तिवेतन सगळे कायद्याने मिळाले. ही लाकडी फळीएवढी जागा नाही मिळाली. ही शिक्षा मला क्रूर वाटते. पण ५७० पोरांनी जे केले ते या शिक्षेच्या भीतीशिवाय झाले असते का, या प्रश्नाचे उत्तर मला सोयीस्कर वाटत नाही.

आपल्याकडे यादीचा एवढा जाच नसला तरी तिसरा माणूस आहेच. १९९२ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप झाला तेव्हा सरकारने परदेशी विमाने परदेशी वैमानिकांसकट भाड्याने आणली. त्यांतले उझबेकिस्तानचे एक टुपोलेव्ह-१५४ हैदराबादहून निघून ९ जानेवारी १९९३ ला पहाटे दिल्लीत धुक्यात उतरताना उलटले आणि पेटले. आत १६५ माणसे होती. सगळी वाचली, हा दैवाचा भाग. विमान वाहतूक मंत्री होते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. त्यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. असा राजीनामा पुन्हा फारसा पाहायला मिळाला नाही, हे जाता जाता. त्या परदेशी वैमानिकाला आपल्या संपाशी काय देणे-घेणे होते? त्याला विमान दिले, त्याने ते उडवले. पण प्रवाशाला तिकिटावर कळत नाही की पुढे बसलेला माणूस कोण आहे आणि कशासाठी बसला आहे.

पुढे इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया २००७ मध्ये एक झाल्या, संघटना मात्र दोनच राहिल्या. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला तेव्हा दुसरे उडत होते. २०१२ मध्ये पूर्वीचे एअर इंडियावाले ५८ दिवस संपावर होते तेव्हा पहिले उडत होते, आणि त्यांच्या जोडीला अधिकारी झाल्यामुळे संघटनेबाहेर गेलेले वैमानिक. त्या दुसऱ्या संपात शंभरावर वैमानिकांना बडतर्फीची पत्रे मिळाली. दोन भाऊ वेगळे राहून एकाच चुलीवर भांडावेत तसे हे. सरकारला संप मोडावा लागला नाही. त्यांनी आपापसात पाळीने तो मोडला.

राहता राहिला तो त्या ५७० जणांचा हिशेब.

पगाराचा वाद मिटत आला तरी युनायटेडचा संप मिटेना, कारण कंपनी ५७० जणांना घ्यायला तयार नव्हती आणि संघटना त्यांना सोडायला. संपाच्या काळात कंपनीने बाहेरून सुमारे पाचशे तयार वैमानिक भरले होते, त्यांना तिने नंबरही देऊन टाकले होते. २९ दिवसांनी संप संपला तेव्हा हा प्रश्न न्यायालयावर सोपवून सगळे कामावर गेले. ५७० मात्र बाहेरच. शिकागोच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते कामावर आले. तरी नंबराचे भांडण उरलेच, आधी कोण, ते पाचशे की हे ५७०? १९९१ मध्ये संघटनेने कंपनीशी करार करून ५७० जणांना वर घातले. पाचशे न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये अपिलात हरले. एकोणतीस दिवसांच्या संपाचा शेवटचा कागद असा सात वर्षांनी निकालात निघाला.

त्यानंतर ही दोन्ही मंडळी त्याच कंपनीत आणखी दोन-तीन दशके नोकरी करत राहिली. २०१० मध्ये तर युनायटेड आणि कॉन्टिनेंटल एकत्र झाल्या, म्हणजे दोन संपांची माणसे पुढे एकाच यादीत आली. महिन्याचे वेळापत्रक नंबराप्रमाणे लागते, माणसांच्या रुसव्याफुगव्याप्रमाणे लागत नाही. त्यामुळे कधी डाव्या खुर्चीत संपवाला आणि उजव्या खुर्चीत संपाच्या काळात आत आलेला, अशी जोडी जमायचीच. उड्डाणापूर्वीची यादी एकाने वाचायची आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, हा नियम आहे. इंधन? तपासले. फ्लॅप? लावले. तेवढे ते बोलत. मग विमान वर चढे, आणि न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सहा तास दोघेही समोरच्या काचेतून बाहेर बघत.